तिने एकच फोल्डर मागितला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आणि आईला तर मी दुपारी डब्यात काय होतं इथपासून सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या रोडपालीच्या रिक्षा स्टँडवर शेजारी उभ्या राहिलात तरी तुम्ही मला विचारणार नाही, "काय हो, त्या तुम्हीच ना?"

सुरुवात कुठून करू? कामापासून करते, कारण काम समजलं नाही तर बाकीचं कळणारच नाही. कळंबोलीतल्या एका ऑफिसात मी आहे. कंटेनर यार्डांची माहिती आम्ही सांभाळतो. ट्रक आत आला, फोटो. बाहेर गेला, फोटो. कंटेनरला पोचा पडला असेल तर त्या पोच्याचा फोटो. उद्या कुणी म्हणालं की माझा माल तुमच्या यार्डात खराब झाला, तर हेच फोटो पुढे करायचे. हे ढीगभर फोटो आमच्या ऑफिसात नसतात; ते असतात बाहेर, भाड्याच्या जागेत, क्लाउडवर. आम्ही आमच्या प्लॅटफॉर्मवर बसून तिथलं वाचतो, मांडतो, नको ते पुसतो. कुणी काय वाचायचं, कुणी काय पुसायचं — ही परवानगी देण्याचं काम माझं.

नियम साधा आहे. ज्याला जो फोल्डर लागतो, त्याला तेवढाच उघडून द्यायचा. नवीन पोरांना याचा राग येतो. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का मॅडम?" असं तोंड करून विचारतात. मी समजावायचे — अरे बाबांनो, विश्वासाचा प्रश्न नाही, हे तुमच्याच भल्याचं आहे. चुकून भलतीकडे हात गेलाच तर प्लॅटफॉर्म म्हणेल, परवानगी नाही, आणि तुम्ही वाचाल. किती वेळा सांगितलं असेल हे! फळ्यावर चित्र काढून सांगितलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जागृती माझ्या हाताखाली होती. उरणच्या बाजूची, कोळीवाड्यातली. बाप होडीवर, आई पनवेलला मासे विकायला येते, आणि घरात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. मी ओवे गावची, आगऱ्यांची. ऑफिसात आम्ही दोघी शुद्ध बोलायचो, आणि डबा उघडला की आपल्या बोलीवर यायचो. तिच्या डब्यातलं सुकटीचं कालवण मी हक्काने ओढून घ्यायचे. मला ती आवडायची. हे मुद्दाम लिहितेय. माझं तिच्याशी काही वाकडं होतं असा समज करून घेऊ नका. वाकडं असतं तर निदान मला कारण तरी सापडलं असतं.

मग माझ्या भाच्याची हळद आली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे तुम्ही पनवेलकडचे असाल तर सांगायला नको. मी नवरदेवाची एकुलती एक आत्या. मांडवात धवलारीण गाणं म्हणत बसलेली, बायका हळद कालवतायत, माझे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि जागृतीचा फोन. म्हणाली, "ताई, मना तो चाचणीचा फोल्डर साफ कराचाय. तेवढ्याचीच परवानगी द्या. तो एकच."

बँजो वाजत होता, नीट ऐकू आलं नाही, असं मी आता म्हणू शकते. पण बँजो वाजत नव्हता. बँजोवाले जेवायला बसले होते. मला स्वच्छ ऐकू आलं.

आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. एका फोल्डरची परवानगी द्यायची म्हणजे त्याचा पूर्ण पत्ता लिहायचा, वेगळी नोंद करायची, तपासायची. सगळ्याची द्यायची तर ती नोंद तयारच होती, नाव टाकलं की झालं. बाहेरून वहिनी हाका मारतेय, "अगो आत्याबाय, कुटं ऱ्हायलीस?" मला वाटलं, आज हिला हा फोल्डर लागतोय, उद्या दुसरा लागेल, आणि मी अक्षता टाकत असताना पुन्हा फोन येईल. शिवाय — कसं सांगू — ओव्याला आम्ही गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवतो ती अख्ख्या घराची. एका खोलीची किल्ली कुणी देतं का? आपलीच पोर आहे, मी म्हटलं. वाचायची, लिहायची, पुसायची, सगळी परवानगी दिली आणि मांडवात परत गेले. तिला सांगितलंसुद्धा नाही की सगळं दिलंय. दोन दिवसांनी काढून घेणारच होते.

दुसऱ्या दिवशी लग्न. त्याच दुपारी जागृतीने साफसफाई चालवली. पुसायच्या जागेचा पत्ता लिहिताना तिने शेवटचा भाग गाळला, म्हणजे आतल्या फोल्डरऐवजी बाहेरचा मोठा फोल्डरच निवडला गेला. ही चूक तिची, ती मी तिच्या पदरातून काढून घेत नाही. पण अशी चूक कोण करत नाही? मी किती वेळा केलीय! एरवी प्लॅटफॉर्मने तिला दारातच अडवलं असतं, तिने जीभ चावली असती आणि पत्ता नीट केला असता. त्या दिवशी कुणी अडवलं नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे सगळे फोटो गेले. पुसलेलं परत आणायची सोय आम्ही खर्च वाचवायला बंद ठेवली होती. थोडे मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच.

लग्नाहून परतल्यावर मी पहिलं काय केलं असेल? तिला फोन? नाही. परवानगी काढून घेतली. कशासाठी, ते विचारू नका. चोर गेल्यावर कुलूप लावायचा काय उपयोग, पण लावलं.

मीटिंगमध्ये मॅनेजरांनी सरळ विचारलं, "हिच्याकडे सगळ्याची परवानगी आली कशी?" मागणी फोनवर झालेली. ती आणि मी, दोघींनाच ठाऊक. मी म्हटलं, "तिने सगळ्याची मागितली. घाई आहे म्हणाली."

वाक्य किती सहज आलं! मी ते ठरवून गेले नव्हते, खरंच सांगते. तोंडातून निघाल्यावर मलाच नवल वाटलं. मग मी जागृतीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. आता म्हणेल, मला वाटलं, आता म्हणेल की ताई, मी तर एकच मागितला होता. ती म्हणाली, "आसंल सर. मना कायच आठवत नाय." ऑफिसात सगळ्यांसमोर तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा 'मना' आलं.

तिला खरंच आठवत नव्हतं का? घाबरली होती, रात्रभर झोपली नसणार, आठवत नसेलही. की ताई खोटं कशी बोलेल, आपलंच चुकलं असेल, असं तिने धरून टाकलं? की तिला सगळं आठवत होतं आणि तिने मला राखलं? मी या प्रश्नाभोवती किती फेऱ्या मारल्यात! प्रत्येक वेळी उत्तर वेगळं निघतं, आणि प्रत्येक उत्तराने मला जास्तच लाज वाटते.

तिला काढून टाकायचं ठरलं. मग मी मध्ये पडले. पोरीवर काढून टाकल्याचा डाग नको, राजीनामा घ्या, दाखला चांगला द्या, असं म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली. एकजण तर म्हणाले, मॅडमचं मन मोठं आहे. जाताना जागृती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली की तुमी होतात म्हणून. तिची वेणी माझ्या हातावर होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सांगितलंस, हाच तुझा गुन्हा. नाही हो. ताकाला आलेय आणि अजून भांडं लपवतेच आहे. एवढंच असतं तर मी कधीतरी, कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. घाबरून माणूस एकदा खोटं बोलतो. पण मला कुणी घाबरवत नव्हतं तेव्हाचं सांगायचं राहिलंय.

जागृती आईबरोबर मासे विकायला बसू लागली. दुसरीकडे अर्ज का करत नाहीस, मी एकदोनदा विचारलं. विचारताना ती नाही म्हणेल तर बरं, असंही वाटत होतं. ती हसून म्हणायची, नको ताई, माझा हात वाईट. गेल्या वर्षी तिच्या बापाने नवी होडी घेतली, पूजेला मला बोलावलं. मी गेले. होडीला झेंडूच्या माळा, खाली सतरंजीवर माणसं, आणि त्यांच्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, वयस्कर, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. सोसायटीने होड्यांची माहिती कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं होतं. कुणाला डिझेल किती, कुणाचे कागद कुठवर आले, सगळं क्लाउडवर ठेवायचं, आणि कुणी काय बघायचं ते बघायला गावचंच माणूस हवं. तात्यांना जागृती हवी होती. ती ऐकत नव्हती.

"मना नाय जमाचा तात्या," ती म्हणाली. "मी परत काय पुसून टाकला तं? होडीवाल्यांचं वाटोलं व्हईल. ताईला ईचारा. ताईला सगला म्हाईत हाय."

तात्या माझ्याकडे वळले. "बोला बाय तुमी. तुमी हिच्या सायबीन व्हतात. तुमी म्हनाल तं ही आयकंल."

बघा, किती सोपं होतं. तिथे मॅनेजर नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती! "ती चांगली पोर आहे, तिला द्या" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नारळ फुटला होता, खोबरं माझ्या हातात होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तीही बघत होती, आणि मला आज वाटतं की मी आग्रह करावा म्हणूनच तिने ते माझ्यावर टाकलं होतं. नुसतं नाहीच म्हणायचं असतं तर ती उठून आत गेली असती.

मी म्हटलं, "तिला नको असेल तर जबरदस्ती करू नका. जबाबदारीचं काम आहे. एकदा हात पोळलाय तिचा."

ऑफिसातल्या मराठीत म्हटलं. त्या सतरंजीवर तसं कुणीच बोलत नव्हतं.

तात्यांनी "बरां" म्हटलं आणि विषय संपला. जागृती हसली, म्हणाली, "बगा, मी सांगत व्हती ना?" आणि वाढायला उठली.

का केलं मी असं? एक उत्तर माझ्याकडे आहे. ती पुन्हा त्या कामाला बसली असती तर स्वतः परवानग्या देऊ लागली असती. एक दिवस कुणाचा तरी हात भलतीकडे गेला असता आणि पडद्यावर आलं असतं, परवानगी नाही. मग तिच्या मनात आलं असतं, त्या दिवशी मला का नाही अडवलं? मी तर एकच मागितला होता. हे भय होतं, खाई त्याला खवखवे. पण खरंच तेव्हा मला हे सुचलं होतं, की घरी आल्यावर मी जुळवलं? कधीकधी वाटतं, मी माझ्याच खोट्यावर विश्वास ठेवायला लागले होते, आणि त्या क्षणी मला ती खरोखरच निष्काळजी पोर वाटली. यातलं कुठलं जास्त वाईट, मला ठरवता येत नाही. ऑफिसात मी अजूनही तेच काम करते. पोरं येतात, मॅडम, फोल्डर उघडून द्या म्हणतात. मी पत्ता पूर्ण लिहिते, तपासते, तेवढंच देते. माझी काळजी घेण्याची पद्धत नवीन लोकांना उदाहरण म्हणून सांगतात.

सोसायटीचं काम शेवटी बाहेरच्या एका एजंटाकडे गेलं. तो महिन्यातून एकदा येतो, होडीवाले त्याची वाट बघत बसतात. हे मला जागृतीनेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज, पापलेट साफ करता करता.

रविवारी मी पनवेलच्या बाजारात जाते. दुसरीकडून मासे घ्यावेत असं दर वेळी ठरवते, आणि पाय तिच्याचकडे जातात. ती मला लांबून बघते, हाक मारते. समोर दुसरं गिऱ्हाईक असलं तर त्याला थांबवते. त्यातली एखादी बाई कुरकुरली तर तिला सांगते, "थांब गो जरा. ही माजी ऑफिसातली ताई. माज्या हातून एवढा नुकसान झाला, पन हिनं मना सांभालला." मग टोपलीतला सगळ्यात ताजा मासा काढून माझ्यापुढे धरते.

मी पिशवी उघडते.