चोकवर अडकवलेली पिशवी

कुरुळीजवळ बंद पडलेली ती मोटार अजून माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. १९५०नंतरची ती वर्षे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, चाकणला नवा फौजदार. एका लाकडाच्या वखारीच्या रखवालदाराला मारहाण होऊन त्याचा डोळा गेला होता. पाहणारा साक्षीदार एकच, मोशीकडचा एक म्हातारा. आरोपी त्याचाच पुतण्या, तरीही त्याने जबाब दिला होता. त्याला खेडच्या कोर्टात आणायला वखारवाल्याने भाड्याची मोटार पाठवली होती.

त्या सकाळी चहाच्या हॉटेलवाल्याने मला बाजूला घेतले. "साहेब, काल सांजच्याला त्यो मोटारवाला आरोपीच्या भावकीसंगं चहा पीत व्हता."

थोड्या वेळाने एस.टी.च्या कंडक्टरने निरोप दिला की मोटार रस्त्यात अडकली आहे. जमादाराला घेऊन मी सायकलने निघालो. ड्रायव्हर घामाघूम होऊन हँडल मारत होता.

"फितूर झालास?" मी विचारले.

"चहाला बोलावलं तर नाही कसं म्हणू, साहेब? आईशप्पथ, गाडी चालता चालता बसली."

मी प्लग काढायला लावले. ते पेट्रोलने ओले होते.

"चोक ओढला की इंजिनात जादा पेट्रोल जाऊन असं होतं," तो गोंधळून म्हणाला. "पण मी हातसुद्धा लावला नाही."

आत वाकून पाहिले, तर चोकची मूठ बाहेर आलेली आणि तिच्यावर म्हाताऱ्याची पिशवी अडकवलेली.

"मला खुटी वाटली," म्हातारा म्हणाला.

"बाबा, उद्या स्टिअरिंगवर धोतर वाळत घालाल!" जमादार हसला. मलाही हसू आले. प्लग पुसून गाडी सुरू होईपर्यंत कोर्टाची वेळ टळली. पुढची तारीख पडली.

जबाबासाठी दोघांना ठाण्यात बसवले. म्हाताऱ्याच्या डोक्यावरच खुंट्यांची रांग होती. बाकीच्यांच्या टोप्या, छत्र्या तिथे होत्या. त्याची पिशवी मात्र मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ड्रायव्हरला बाहेर नेऊन विचारले, "वाटेत म्हातारा काय बोलला?"

"निघताना विचारलं, ही मूठ कशाची? मी म्हटलं, थंड इंजिनाला लागते. तापल्यावर ओढली तर गाडी जागीच बसेल."

आत येऊन मी म्हाताऱ्यासमोर बसलो. "बाबा, इथं एवढ्या खुंट्या आहेत. पिशवी का नाही अडकवली?"

त्याने पिशवी उघडली. आत एक धोतर, एक सदरा आणि तांब्या.

"पुतन्याच्याच घरात ऱ्हातो मी. साक्ष दिली की तिथं मला पाय ठेवू देनार न्हाईत. म्हनून बांधूनच निघालो व्हतो. कुरुळीपतुर आलो अन् जीव कचरला, मूठ वढून वर पिशवी अडकवली. ह्या वयात जाऊ कुठं, साहेब?"

मी ड्रायव्हरला सोडले आणि त्या रखवालदाराला बोलावून घेतले. त्याने सगळे ऐकले. डोळ्यावरची पट्टी सारखी करत तो म्हणाला, "बाबा, वखारीत माझी खोली हाय. दोघं राहू."

पुढच्या तारखेला म्हातारा एस.टी.ने माझ्याशेजारी बसून आला. साक्षीच्या पिंजऱ्यात चढण्याआधी त्याने पिशवी रखवालदाराच्या हातात दिली आणि पाहिले तसे सांगितले.

गाडी बंद पडली की आपण आधी ड्रायव्हरकडे बघतो. त्या दिवसापासून मी शेजारी बसलेल्याकडेही बघू लागलो, आणि तो घाबरला असेल तर कशाला, हे आधी विचारू लागलो.