बाजू कोण पालटणार

माझे सासरे लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. देऊळगाव राजाच्या आसपास कुठेही लग्न असलं की भोंगे, बॅटरी आणि गाण्यांच्या तबकड्यांचा पेटारा घेऊन निघायचे. दुसऱ्याच्या तबकड्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या मधल्या कागदावर त्यांनी लाल ऑइलपेंटचा टिपका दिलेला आहे. भोंगे भंगारात गेले, बॅटरी गेली, पेटारा राहिला. आमच्या दिवाणाखाली तो इतकी वर्षं होता की झाडू आपोआप त्याला वळसा घालायचा.

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पेटारा बाहेर ओढला.

"आता हे ऐकायचं," म्हणाले.

"कशावर?"

"त्याचाच अभ्यास करून राह्यलो."

अभ्यास म्हणजे दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तबकडी वाजवायच्या यंत्रापुढे ओणवी होऊन कौतुक करत असायची. यंत्रांच्या किमती मी इथे सांगत नाही. आमची नणंद वाचते.

मी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. शिवताना मोबाइलवर गाणी चालू असतात, छोट्या डबीएवढ्या स्पीकरवर. एक संपलं की दुसरं लागतं. हे म्हणायचे, "ते गाणं म्हणजे कार्बाइडात पिकवलेला आंबा. रंग आहे, वास नाही."

"असू द्या. पण तो खायला कुणाला उठावं लागत नाही."

माझा सगळा मुद्दा एवढाच होता. तबकडीची एक बाजू संपायला फार वेळ लागत नाही. माझ्या दोन बाह्या जोडून होतात न होतात, तोवर संपते. मग कुणीतरी उठून ती पालटायची. आमच्या घरात ‘कुणीतरी’ कोण, हे दारातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. गळ्याला पट्टी लावत असताना हाक आली की पट्टी सरकते, आणि सरकलेल्या पट्टीचं ब्लाउज गिऱ्हाईक नेत नाही. आवाज कसा का असेना, या यंत्राची नोकरी मला लागू नये एवढंच मला पाहायचं होतं.

यंत्रं आणली यांच्या शाळासोबत्याने. त्याचं बसस्टँडजवळ पंखे, मिक्सर आणि टीव्हीचं दुकान आहे. हे त्याला ‘शेठ’ म्हणतात, तो यांना ‘मास्तर’. त्याच्या हैदराबादच्या मावसभावाकडे दोन यंत्रं विकायची होती. एक आपोआप चालणारं, दुसरं सगळं हाताने करायचं आणि कितीतरी महाग. शेठ म्हणाला, "भाभी, दोन्ही घरी ठेवून पाहा. आठ-आठ दिवस. जो पसंत पडेल तो ठेवा, दुसरा मी वापस नेतो."

आधी आपोआपवालं आलं. बटण दाबलं की सुईची दांडी स्वतः उठायची, तबकडीवर जाऊन बसायची, बाजू संपली की परत जागेवर, आणि यंत्र बंद. मला तर ते फारच आवडलं. माझ्या शिलाई यंत्राला मी मोटर बसवली तेव्हा पायाने चालवलेल्या टाक्यात जास्त जीव होता असं कुणी म्हणालं नव्हतं. मी लगेच माझं मत देऊन टाकलं.

"हेच ठेवा. आवाज छान आहे."

"तुले आवाजातलं काय समजते?"

"मग विचारता कशाला?"

पण दुसऱ्याच दिवशी माझी चूक माझ्या लक्षात आली. दांडी परत जायची खरी, तबकडी काही स्वतः उलटी व्हायची नाही. बाजू संपली की घरात शांतता. हे खुर्चीत डोळे मिटून. थोड्या वेळाने आतून हाक यायची, "अवं, जरा पालट नं वं."

"तुम्ही आहात की तिथे."

"गुडघा दुखून राह्यला."

यंत्र बिचारं गप्प बसलेलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. यांना घाई नव्हती, तासभर थांबायची तयारी होती, आणि दर पाच मिनिटांनी ‘अवं’ म्हणायचीही. शेवटी हाका थांबाव्यात म्हणून मीच उठायचे. आठवडाभरात मी तीन गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगितलं.

मग मोठं यंत्र आलं. जड लाकडी बैठक, काचेसारखं चकचकीत झाकण, सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण. हे ते पुसायलाही मला देईनात. मात्र पूजा झाल्याशिवाय सुरू करायचं नाही असं यांचंच म्हणणं. आमच्याकडे मोटरसायकल, बोअरची मोटर, मिक्सर, सगळ्यांची पूजा झालेली आहे, मग याने काय पाप केलं होतं? यांनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. नारळ मात्र अंगणात नेऊन फोडला, यंत्राला हादरा नको म्हणून.

तबकडी लागली. हे ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे ओले झाले.

"ऐकलं? सूर कसा थरथरून राह्यला? याले म्हणतात जिवंत आवाज. त्या बटणवाल्यात ही थरथर होती का?"

नव्हती, हे खरं. मला तो सूर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा वाटत होता. पण मी ब्लाउजवाली, मी काय बोलणार? पुढचे काही दिवस येईल त्याला थरथर ऐकवण्यात आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "थंडी वाजून आल्यावाणी गाऊन राह्यला नं बाप्पा." यांनी त्यांना चहा दिला नाही.

मी मात्र दुसरंच ऐकत होते. या यंत्राची दांडी परत जायची नाही. बाजू संपली की सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहायची. खर्र, खट्. खर्र, खट्. पहिल्या दिवशी हाक आली, "अवं! सुई! सुई घासून राह्यली!"

"माझ्या हातात गळा आहे."

"हिरा आहे तो!"

"मग पळा."

आणि खरंच पळाले हो! ज्या गुडघ्यासाठी मी रोज तेल गरम करते, तो गुडघा टुणकन खुर्चीतून उठला. दांडी उचलली, तबकडी पालटली, ब्रश फिरवला, सुई ठेवली आणि परत येऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून तर हाकसुद्धा नाही. शेवटचं गाणं अर्ध्यावर आलं की हे खुर्चीच्या काठावर सरकून बसायचे, एस.टी.तून उतरायच्या तयारीतल्या माणसासारखे. त्या आठवड्यात माझी सगळी ब्लाउजं वेळेवर गेली.

आठ दिवस संपताना शेठ आला. यांनी त्याला समोर बसवून थरथर ऐकवली. शेठने ऐकलं, वाकून तबकडीकडे पाहिलं, पुन्हा ऐकलं.

"मास्तर, ही तबकडी लंगडून राह्यली बे."

"लंगडून? अरे, तो जिवंत आवाज—"

शेठने सुई उचलली, तबकडी काढली, खालची नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, चकती वर केली. खाली कुंकवाने लाल झालेले अक्षतांचे चार दाणे. त्यांच्यावर तबकडी आठवडाभर वरखाली होत होती.

"हा घे तुझा जिवंत आवाज," शेठने दाणे तळहातावर ठेवून यांच्यापुढे धरले. "भाभी, याची खीर करा."

हसून हसून माझ्या तोंडातल्या दोन टाचण्या खाली पडल्या. शेठने तीच तबकडी पुन्हा लावली. आता सूर अगदी सरळ होता. चांगला होता, पण बटणवाल्यापेक्षा कितीसा वेगळा? बाजू संपली, सुई घासायला लागली, आणि हे रागारागाने उठून ती उचलायला गेले.

"नेऊन टाक हे," म्हणाले. "एवढाच फरक असेल तं तो बटणवालाच बरा. स्वस्त पडते, अन् हिलेही तोच आवडला होता."

गळ्यांच्या सगळ्या पट्ट्या डोळ्यांपुढे सरकल्या. मी शिलाई यंत्राचा दिवा बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"असं कसं?" मी म्हटलं. "फरक आहे."

"तुले वाटते?"

"त्या दुसऱ्यात तबला डब्यात बसून वाजवल्यासारखा येतो. यात माणूस खोलीत बसलाय." हे वाक्य यांचंच होतं, सकाळच्या चहाच्या वेळचं. "आणि तुमच्या वडिलांच्या तबकड्या. त्या काय बटणावर वाजवायच्या?"

हे माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या एखाद्या धड्याचा माझ्यावर परिणाम झाल्याचं ते पहिल्यांदाच बघत होते.

"पण महाग आहे," ते म्हणाले.

"असू द्या महाग. आयुष्यात एक गोष्ट चांगली घ्यावी माणसाने."

शेठ माझ्याकडे बघत होता, मग यांच्या गुडघ्याकडे, मग सुईकडे. दुकानदार माणूस. त्याच्या मिशीच्या टोकाला हसू आलं ते त्याने चहाच्या कपात लपवलं.

"भाभीच्या कानाले मानलं," तो म्हणाला.

मोठं यंत्र राहिलं. दुपारी जेवणं झाली की आता गाणी लागतात. मी शिवते, हे उठतात, बसतात, उठतात. डॉक्टरने गुडघ्याला हालचाल सांगितलीच होती. गाणीही बरी वाटतात मला, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात मी अस्तराचं कापड आणायला बाजारात गेले होते, तर शेठने दुकानातून हाक मारली.

"भाभी, मास्तरने एक चीज मागितली आहे. छोटीशी दांडी असते. यंत्राच्या बाजूले लावली का बाजू संपल्यावर सुई आपोआप उचलते. घासण्याचं टेन्शनच नाही. उठायचं कामच नाही, म्हणे."

"मिळते?"

"मिळते नं. मुंबईहून मागवली तं आठ दिवसांत येते."

मी पिशवी काउंटरवर ठेवली. "मिळत नाही," मी म्हटलं.

शेठने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला, नंबर लावला आणि माझ्यासमोरच बोलला, "हां मास्तर. अरे, त्या दांडीचं पाह्यलं मी. कंपनीनं बंद केली नं बे."