निमंत्रण माझं, पाहुणे ताईंचे

डॉ. इंदुताई खेलकर आणि मी विद्यापीठाच्या मराठी विभागात एकाच आठवड्यात रुजू झालो. वयानं मी धाकटा. पहिल्या दिवशी विभागाच्या दारातच आमची ओळख झाली. मी नवा शर्ट घालून, तासाची टिपणं पाठ करून आलो होतो. ताईंनी विचारलं, "डबा आणला का जी?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी आपली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली. थोड्याच दिवसांत सगळा विभाग त्यांना ताई म्हणू लागला. मला आजही सगळे सर म्हणतात. माझा मत्सर तिथपासूनचा आहे, आणि ताईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांना तशी कल्पना देऊनच मी हा लेख लिहायला घेतला.

ताईंच्या अध्यापनाबद्दल इतर मंडळी लिहितीलच, मी एकच सांगतो. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी माझे सगळे तास घेतले, वर संध्याकाळचा डबाही पाठवला. मी परतलो तेव्हा वर्गातली एक मुलगी काळजीनं म्हणाली, "सर, तुमी घाई काऊन केली? ताई शिकवून राह्यल्या होत्या ना आमाले." ताईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या मुलीलाही विसरणार नाही.

पण खरा सल पाहुण्या व्याख्यात्यांचा. पत्रव्यवहार मी करायचो, तारखा मी जुळवायचो, सेवाग्राम स्टेशनावर हार घेऊन मीच उभा राहायचो. ताई फक्त व्याख्यानाआधी पाहुण्यांना सिंदी मेघेतल्या आपल्या घरी डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात जेवायला न्यायच्या. वाढायला विभागातली मुलं असत. निरोपाच्या वेळी पाहुणे माझा हात हातात घेऊन म्हणत, "खेलकरताईंना नमस्कार सांगा." आणि मी मुकाट्यानं सांगायचो.

या उन्हाळ्यात ताई निवृत्त झाल्या आणि विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं. पहिल्याच कार्यक्रमाला मी लोकगीतांच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांना बोलावलं. त्यांची पुस्तकं वाचूनच मी या विषयाकडे वळलो होतो, आणि त्यांना विचारायचा एक प्रश्न तरुणपणापासून मनात जपून ठेवला होता. हे पाहुणे तरी माझे असावेत, एवढीच इच्छा होती. गोळाभाताला फाटा देऊन मी व्याख्यानानंतर चांगल्या हॉटेलात जेवण सांगितलं. ताई बहिणीकडे रोहण्याला गेल्याचं कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

व्याख्यान उत्तम झालं. "आता प्रश्न विचारा," मी म्हणालो. कुणी हललं नाही. वडनेरकडची, आर्वीकडची ही मुलं एरवी व्हरांडा डोक्यावर घेतात, ती माना खाली घालून बसली. मीही माझा प्रश्न न विचारता टिपणं चाळत बसलो. पाहुणे घड्याळ पाहू लागले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ताई उठल्या. रोहण्याहून त्या थेट एसटीनं आल्या होत्या, पिशवी अजून खांद्यालाच होती. त्या पाहुण्यांना म्हणाल्या,

"सर, या लेकरायनं तुमाले अजून वाढलं नाई, मनून त्यायले तुमची भीती वाटून राह्यली. चला, पयले जेवून घेऊ."

सगळ्यांत मोठ्यानं पाहुणेच हसले. इतकी वर्षं मी ज्याला पाहुणचार समजत होतो, ती मुलांची भीड मोडायची रीत होती, हे मला तेव्हा कळलं. हॉटेलातलं जेवण मी फोनवर रद्द केलं.

सिंदी मेघेत मुलांच्या मदतीनं झटपट गोळाभात झाला आणि पंगत बसली. भातावर फोडणीचं तेल घालता घालता एका मुलानं पहिला प्रश्न विचारला, आणि मग प्रश्न थांबेचनात. मी भिंतीशी उभा राहून जळत होतो. ताईंनी माझ्या हातात पातेलं दिलं. "सर, तुमी बी वाढा."

मी वाकून पाहुण्यांच्या ताटात गोळा ठेवला आणि तोंडून निघून गेलं, "सर, तुमच्या एवढ्या ग्रंथांत आमच्या वर्धेकडच्या बायकांचं एकही गाणं कसं नाही?"

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. "माझं चुकलंच ते," ते म्हणाले. "तुमच्याकडे आहेत का अशी गाणी?"

माझ्याकडे होती, आईच्या तोंडून ऐकलेली. जेवण संपेपर्यंत पाहुणे माझ्याशीच बोलत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तुम्ही सभागृहात का नाही विचारलंत?"

माझ्याआधी ताईच म्हणाल्या, "तवा त्यायनं बी कुठं वाढलं होतं जी!"

संध्याकाळी गाडी सुटताना पाहुण्यांनी मला गाणी पाठवायची आठवण करून दिली. आणि मग म्हणाले, "ताईंना नमस्कार सांगा."

ताई, तो नमस्कार सांगायचा राहिला होता, तो इथे सांगतो. साठी ओलांडताना तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि चूल अशीच पेटती राहो. तुम्ही शंभरी गाठाल, याची मला खात्री आहे, कारण तोवर माझा हेवा काही संपणार नाही. पुढच्या पाहुण्यांना मी पत्र धाडलं आहे. जेवण तुमच्याकडेच. फक्त या वेळी पातेलं पहिल्यांदा माझ्या हाती द्या.