आईच्या दोन हाका

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावाकडं कोणी सांगायला लागलं की मी हसायची. शिक्षण सातवीपर्यंतच, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण जे झालं तेच लिहिते.

मी लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करते, मागच्याच खोलीत राहते. गाव देगलूरकडं. आईला लकवा झाला, तेव्हापासून ती अंथरुणावर. वाचाही गेली. शेजारची मावशी तिचं बघते. सरकारच्या निराधार योजनेचा पगार येतो त्यात आईची औषधं भागतात. तिच्या खात्याला नंबर माझाच जोडलाय.

त्या दुपारी पोरं जेवून गेली होती, मी एकटीच परात घासत होते. फोन आला. तहसीलमधून बोलतोय म्हणाला. आईचं नाव, गाव, सगळं बरोबर. केवायसी राहिलीय, आज नाही झाली तर पगार बंद — मग आईला स्वतः घेऊन यावं लागेल. तिला कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागतात... तेवढ्यात ओटीपी आला.

"आकडे वाचा, मॅडम."

मी तोंड उघडलं, अन् मागून हाक आली.

"बायडे..."

इथं मला सगळे सुनीताताई म्हणतात. बायडी म्हणायची ती फक्त आई.

लहानपणी तिनंच शिकवलेलं — पाठीमागून हाक आली की लगेच ओ द्यायची नाही, तोंड मिटून थांबायचं. आपलं माणूस तीनदा बोलावतं. दुसरंच काही असलं तर तिसरी हाक मारत नाही.

मी तोंड मिटलं. तो आकडे मागतच होता. परत हाक आली, जरा जवळून. "बायडे..." मी तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. शेवटी फोनवरच्या माणसानं घाण शिवी दिली अन् फोन कापला.

मेसवाल्या काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "सरकारी माणूस फोनवर शिव्या देत नाही बाई, समोर उभं करून देतो." त्याच मला घेऊन बँकेत गेल्या. पैसे जागेवर होते. काकूंचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "दुपारभर झोपूनच होती गं. ओठ तेवढे हलवत होती. सपान पडलं असंल."

तिसरी हाक आलीच नाही. आईच्याच शिकवणीनं बघितलं तर ती आई नव्हती. पण तो आवाज मी ओळखणार नाही का? कोण होतं, मला अजून कळलेलं नाही.

आता रोज दुपारी मेस रिकामी झाली की मी नळ बंद करते अन् थोडा वेळ तशीच उभी राहते. तिसरी आली, तर ओ द्यायची राहू नये.