दोन दसरे पुजलेलं बिनचिपचं कॅबिनेट

गेल्या शनिवारी कॉम्प्युटरच्या दुकानात माझी चांगलीच जिरली... आणि गंमत म्हणजे मला त्याचा अजून आनंद होतोय. म्हणून लिहितोय.

मी अंबडला एका कंपनीत परचेसमध्ये आहे. पण माझा खरा अभ्यास चहाच्या सुट्टीत चालतो... येणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या बातम्या, लीक झालेले स्क्रीनशॉट, कुठल्यातरी 'आतल्या माणसाने' सांगितलेलं काहीबाही. त्यातही जीव एकाच गोष्टीत अडकलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच नाही, इतकी तगडी ग्राफिक्स पोटात घेऊन येणारी चिप.

खरं सांगतो, हे प्रकरणच अफाट आहे. एवढ्याशा तुकड्यात आकडेमोडही व्हायची आणि स्क्रीनवरचं चित्रही तिथूनच निघायचं! आता तर म्हणे ग्राफिक्सचे कोअर वाढणार, त्यांच्यासाठी आतच वेगळी कॅश मेमरी देणार... खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण ज्यांच्या डोक्यातून हे निघतं त्यांना माझा दंडवत.

ह्या न आलेल्या चिपच्या भरवशावर मी सेलमध्ये मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट सगळं घेऊन जोडून ठेवलं. चिप तेवढी बाकी. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते, तेव्हा नाना त्यांच्या पाने-पकडींबरोबर त्या कॅबिनेटलाही हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे... एक नाही, दोन दसरे झाले.

नाना म्हणजे माझे वडील. अंबडच्याच एका साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली, आता रिटायर आहेत. दिंडोरीला काकांची द्राक्षबाग आहे. तिथे दोन ओळींमधून क्रेट ओढून न्यायला एक छोटी गाडी नानांनी डोक्यात तयार केलीय आणि ती यंदाच्या खुड्याच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या आत बनवायची होती.

अडचण एकच. गाडीचे पत्रे कापून देणारा लेझर कटिंगवाला हाताचं ड्रॉइंग घेत नाही, त्याला कॉम्प्युटरवरची फाइल लागते. घरचा जुना पीसी बंद पडलेला, ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. त्यामुळे नाना अधूनमधून विचारायचे, "आली का रे तुझी चिप?" आणि मी म्हणायचो, "येतेय नाना, दोन-तीन महिने फक्त."

तर शनिवारी सुट्टी होती, म्हणून मी निघालो चिप थंड ठेवणारा कूलर बघायला. हो... जिचा पत्ता नाही त्या चिपसाठी कूलर! नाना कापडी पिशवी घेऊन म्हणाले, मी पण येतो.

शालिमार चौकाजवळच्या गल्लीत रेखाताईंचं छोटं दुकान आहे. पन्नाशीच्या बाई, चष्मा कायम डोक्यावर, आणि कुठलाही पीसी आवाजावरून ओळखतात. मी नव्या चिपवर पाच मिनिटं प्रवचन दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रॅमच्या स्टिक किती घेतल्यात?"

"एकच, पण मोठी," मी ऐटीत सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती ग्राफिक्स रॅमवरच जगते. एका स्टिकवर तिचा निम्मा जीव जातो. दोन लागतात दोन!"

इतकी वर्षं लीक वाचले... आणि पहिलीच इयत्ता नापास.

तेवढ्यात नानांनी पिशवीतून गाडीच्या ड्रॉइंगची वही काढली. "ताई, आज जी चिप मिळती, तिच्यावर माझं एवढं काम होईल का?" बाई पानं उलटू लागल्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. सुरुवातीच्या पानांवर नानांच्या नेहमीच्या रेघा, सुतासारख्या सरळ. शेवटच्या, अलीकडच्या पानांवर त्याच रेघा थरथरत गेलेल्या... एकेक रेघ तीन-तीनदा खोडलेली.

वर्षभर नाना पेन्सिली बदलत होते. म्हणायचे, "आजकालच्या पेन्सिली लय खराब." मी ऑनलाइन नवा बॉक्स मागवून दिला होता. वही मात्र एकदाही उघडली नव्हती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रेखाताईंनी वही अलगद मिटली. "काका, गाडी झकास आहे. याला आजची साधी चिप पुरून उरेल," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या बोर्डात ती बसते. उद्या नवीन चिप त्याच सॉकेटमध्ये बसणारी आली, तर ही काढून ती घाला. नाही आली तरी काकांचं काम कुठे अडतंय?"

नाना हळूच म्हणाले, "नवीन लेथ येणार हाय म्हणून आम्ही जुन्यावरचा जॉब कधी उतरवला नाय बाबा." मी चिप घेतली, रॅमची तशीच आणखी एक स्टिक घेतली आणि घरी आलो.

दुपारपर्यंत मशीन सुरू झालं, टूलरूमच्या दिवसांत नाना शिकले होते ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही टाकलं. नानांनी माऊस धरला... हात हलत होता. एका टोकाला क्लिक, दुसऱ्या टोकाला क्लिक. मधली रेघ एकदम सरळ! नाना तिच्याकडे बघतच राहिले. पुढचे तीन दिवस ते खुर्चीतून हलले नाहीत. अख्खी गाडी उभी केली, स्क्रीनवर गोल फिरवून दाखवली, आणि ती साधी चिप कुठेही अडखळली नाही.

नव्या चिपच्या बातम्या मी अजूनही वाचतो, कौतुक तसूभर कमी झालेलं नाही. पण रेखाताई, तुमचे आभार कसे मानू... मी जिची वाट बघत होतो तिला घाई नव्हती. नानांच्या हाताला होती.

काल लेझर कटिंगवाल्याने फाइल उघडली, झूम करकरून बघितली आणि मला विचारलं, "एक नंबर ड्रॉइंग! कुणाकडून करून घेतलं?"

मी नानांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. म्हणाले, "मी केलंय."