नाहीबाईंचं कुलूप

दवाखान्यातला सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘नाहीबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

रांगेचे नंबर छापणारा नवा प्रोग्राम आला, तेव्हा पंधरा दिवस त्यांनी त्याला मोकळं सोडलं. फक्त तो कुठे कुठे हात घालतो ते नोंदत राहिल्या. रोज चहा गार होईपर्यंत एकेक ओळ वाचायची आणि पडद्यालाच विचारायचं, “हे तुझं काम आहे का रे बाबा?” शेवटी नंबरांची यादी आणि प्रिंटर एवढ्यालाच हात लावायची त्याला परवानगी मिळाली. बाकी सगळ्याला कुलूप.

कुलूप लावून प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि छपाई ठप्प! दवाखान्याचे साहेब तणतणत आले. “काढून टाका ते कुलूप! सगळीकडे तेच करतात.”

“सगळीकडे करू देत. सुरू होताना त्याला अक्षरांचा फॉन्ट लागतो. पंधरा दिवसांत तो एकदाही बंद झाला नाही, म्हणून मला दिसलं नाही. चूक माझी, कुलपाची नाही.” त्यांनी परवानगीच्या यादीत फॉन्टची एक ओळ वाढवली. कुलूप जागच्या जागी राहिलं.

तीन महिन्यांनी त्याच प्रोग्रामच्या फटीतून कुणीतरी चोर आत शिरला. पेशंटच्या फायली, पासवर्ड, औषधांच्या नोंदी अशी त्याने चारशे दारं ठोठावली. चारशे वेळा ‘नाही’.

साहेब धापा टाकत आले. “काय काय नेलं हो त्याने?”

“रांगेचे नंबर. एक ते दोनशे,” बाई गार चहाचा घोट घेत म्हणाल्या. “आणि ते छापायचा फॉन्ट.”