जिन्यातून दिसणाऱ्या चपला

आमच्या गावात शॉपिंग सेंटर झालं त्याच वर्षी मी सासरहून कायमची परत आले. दोन्ही गोष्टींची गावात सारखीच चर्चा झाली. सेंटर बघायला लोक वाट वाकडी करून यायचे, आणि मला बघायला बायका काही ना काही मागायच्या निमित्ताने घरी यायच्या. सेंटर म्हणजे दुमजली इमारत, खाली आठ गाळे, वर आठ, आणि दर्शनी भिंतीवर निळी मोठी अक्षरं. म्हाताऱ्या माणसांना 'शॉपिंग' म्हणता यायचं नाही, ती 'शापिंग' म्हणायची. पुढे पुढे मलाही त्यात काही चूक वाटेना.

सुपं हे गाव आमच्यापासून एसटीने अर्ध्या तासावर. तिथे कारखाने वाढतील, गावातली पोरं पगारदार होतील आणि पगारदार माणूस काही आठवड्याच्या बाजारात उन्हात उकिडवा बसून खरेदी करणार नाही, असं इमारत बांधणाऱ्या बागाईतदाराचं गणित होतं. माझ्या वडिलांचं गणित वेगळं. पोरगी घरात बसली तर लोक बोलतात, दुकानात बसली तर निदान कामाचं बोलतील. त्यांनी वरच्या मजल्यावरचा पहिला गाळा घेतला आणि मी कापडाचं दुकान मांडलं. पांढऱ्या खोळीची गादी, कपाटात पॅन्टपीस, शर्टपीस, ब्लाउजपीस, आणि हातात लोखंडी मीटर. लोक चपला दाराबाहेर काढून गादीवर येऊन बसायचे.

शेजारच्या गाळ्यात एक टेलर होते. साठीला आलेले, अंगाने काटकुळे, गळ्यात कायम टेप. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मी कापड फाडून द्यायचं, गिऱ्हाईकाने ते काखेत मारून चार पावलं पुढे जायचं आणि मास्तरांनी माप घ्यायचं, असं आमचं चालायचं. आम्ही आपसात फारसं बोलत नव्हतो. भिंतीपलीकडून त्यांच्या मशिनचा आवाज यायचा, तेवढा मला पुरायचा. घरी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बायकांचं बोलणं थांबायचं. हे मशिन माझ्यासाठी कधी थांबलं नाही.

सुरुवातीलाच मी त्यांच्याशी भांडले. भांडले म्हणजे मीच बोलले, ते ऐकत राहिले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, त्यात त्या दिवसांत जगावरच राग. जिना थेट माझ्या दारासमोर संपायचा. मास्तर रोज सकाळी वर यायचे, माझ्या दारात चपला काढायचे आणि अनवाणी आपल्या गाळ्यात जायचे. टायरच्या तळाच्या, अंगठा तुटून दोनदा शिवलेल्या चपला. आठ-दहा दिवस मी पाहिलं आणि एक दिवस म्हटलं, "मास्तर, तुमचं दार स्वच्छ राहावं म्हणून माझ्या दारात उकिरडा कशाला? तुमच्या चपला तुमच्या दारात काढत जा."

त्यांनी मान हलवली. "बरं ताई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून चपला त्यांच्या दारात गेल्या. आपण कसं ठणकावून सांगितलं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

सेंटरच्या वरच्या मजल्याची हवा दीड-दोन वर्षांतच निघाली. खालच्या गाळ्यांना गिऱ्हाईक आणि वरच्यांना वारा. जिना चढायला कुणी तयार नव्हतं. बाजारच्या दिवशी तर इमारतीच्या पायाशीच कापडवाले ताडपत्री टाकून बसायचे, आणि बायका वर माझ्याकडे बघत बघत त्यांच्याकडून खण घ्यायच्या. आधी फोटो स्टुडिओ गेला, मग कॅसेटवाला, मग घड्याळवाला. फोनचा बूथ तेवढा टिकून होता, फोन करायला का होईना माणसं वर चढायची. दुष्काळात तेरावा महिना, तोही खाली रस्त्यावर गेला. उरलो आम्ही दोघं.

तेवढ्यात नगरहून एक एजंट रेडिमेड कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. सुप्याला कामाला लागलेली पोरं तसल्याच पँटा घालून गावात हिंडत होती. माप द्यायचं, आठ दिवस थांबायचं, मग फिटिंगला यायचं, एवढा दम कुणाला राहिला नव्हता. एजंट गादीवर बसून होता आणि मला भिंतीपलीकडचं मशिन ऐकू येत होतं. मी उठून मास्तरांकडे गेले. रेडिमेड ठेवू का, असं विचारलं. खरं तर मी परवानगी मागत नव्हते, माफी मागत होते.

मास्तरांनी मशिनवरचा पाय काढला. "ठिवा की ताई. लोकं मागत्यात तर ठिवायलाच पायजे. तुमी न्हाई ठिवलं तर खालचा ठिवंल."

मी ठेवलं. आणि तेव्हापासून भिंतीपलीकडचे आवाज मोजायला लागले. आधी सकाळभर चालणारं मशिन आता तासभर चालायचं. शाळेचे गणवेश तेवढे त्यांच्याकडे यायचे, तेही पुढच्या वर्षी तयार येऊ लागले. मास्तर गेले तर या आख्ख्या मजल्यावर मी एकटी, याची मला भीती वाटायला लागली. दुकान चालेल की बंद पडेल याची वाटत नव्हती इतकी.

मग मी एक लबाडी सुरू केली. तयार पँट कमरेला बसली की लांबी हमखास जास्त देऊ लागले. बुटक्या माणसाला उंचाची पँट. "खालून वाढतीय थोडी, शेजारी मास्तर आहेत, लगेच करून देतील." एक पोरगा आरशात बघून म्हणाला, "ताई, बरुबर हाय की." मी म्हटलं, "नाही, लांब आहे. धुतल्यावर आणखी वाढेल." कापड धुतल्यावर वाढत नाही हे त्या पोराला माहीत नव्हतं. मला होतं. तो गेला मास्तरांकडे, आणि पाचेक मिनिटं मशिन चाललं. मी कपाटाला टेकून ऐकत उभी राहिले.

पण खालून दुमडायच्या पँटांवर टेलर किती दिवस जगणार? एका उन्हाळ्यात दुपारी मास्तरांचा सुप्याचा मुलगा टेम्पो घेऊन आला. मशिन खाली गेलं, कातरी गेल्या, इस्त्री गेली. मास्तर माझ्या दारात आले, पायात मुलाने आणलेल्या नव्या कोऱ्या सँडल. जुन्या चपला हातात होत्या. त्यांनी त्या खाली वाकून माझ्या उंबऱ्याशी ठेवल्या, पायाने सरळ केल्या.

"या ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाले. "खालनं जिन्यातनं दिसत्यात. एक जोड दिसला की मानसाला वाटतं वर कुनीतरी हाय, मग चढतंय."

चार वर्षांपूर्वीची ती सकाळ डोळ्यासमोर उभी राहिली. त्यांच्या गाळ्याचं दार खालून दिसतच नव्हतं. "मास्तर, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी लई रागात हुता," ते हसले. "म्हनलं, असू दे."

जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मुलगा खालून हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "बरं. सांभाळून जा." चार वर्षांत त्या माणसाला मी एकदा चहासुद्धा विचारला नव्हता, हे मला टेम्पो वळल्यावर आठवलं.

चपला मी हलवल्या नाहीत. रोज झाडताना उचलायचे, धूळ झटकायचे आणि पुन्हा तशाच ठेवायचे, टाचा जिन्याकडे. त्या चपलांमुळे गिऱ्हाईक वाढलं असं काही मला सांगता येणार नाही. बाजारच्या एका दिवशी मात्र एक अनोळखी बाई धापा टाकत वर आली, चपला बघून दारातच थबकली. "गिऱ्हाईक बसलंय जनू. मी मागनं येते," म्हणाली आणि वळली.

"अहो, नाही, नाही," मी गादीवरून उठले. "आत कोणी नाही. या ना."

तिने वाकून आत पाहिलं. रिकामी गादी, मी, आणि हँगरला लटकलेल्या पँटा. मग पुन्हा खाली पाहिलं. "मंग या कुनाच्या?"

"आमच्या शेजाऱ्यांच्या," मी म्हटलं. "येतील इतक्यात."